दुर्बिणीतून काढलेला तुकडा : पॅथॉलॉजिस्टकडे त्याचं पुढे काय होतं?



आजच्या विषयाचं नाव जरा लांबलचक वाटेल, पण प्रश्न साधा आहे. पोटाची दुर्बिणीतून तपासणी होते. डॉक्टर आतून एक-दोन तुकडे काढतात, नातेवाइकांच्या हातात एक छोटी बाटली आणि एक कागद देतात आणि सांगतात, ‘‘हे लॅबमध्ये द्या आणि तीन-चार दिवसांनी रिपोर्ट घेऊन या.’’ त्या तीन-चार दिवसांत नक्की काय होतं? आणि रिपोर्टच्या खाली ज्याची सही असते पण जो तुम्हाला कधी भेटत नाही, तो माणूस कोण?

तो माणूस म्हणजे आम्ही, पॅथॉलॉजिस्ट. मराठीत विकृतिशास्त्रज्ञ. पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की जो रक्त काढतो तो पॅथॉलॉजिस्ट. रक्त काढणारे आमचे तंत्रज्ञ सहकारी असतात आणि त्यांचं काम फार मोलाचं आहे. पण पॅथॉलॉजिस्ट हा एमबीबीएस झालेला आणि त्यानंतर पॅथॉलॉजी या विषयात एमडी, डीएनबी यांसारखं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. तो रुग्णाला नाही, रुग्णाच्या पेशींना तपासतो. लॅबच्या रिपोर्टवर अशा पात्र डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली स्पष्ट केलं आहे. तेव्हा रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा सही, पदवी आणि नोंदणी क्रमांक बघायची सवय लावून घ्या.

आज आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. त्या बाटलीचा प्रवास, त्या तुकड्यात आम्ही काय शोधतो, आणि आमचा रिपोर्ट चांगला यावा म्हणून तुम्ही काय करू शकता. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून ती अधूनमधून येत राहील.

बाटलीपासून काचपट्टीपर्यंत

दुर्बिणीच्या नळीतून एक बारीक चिमटा आत जातो आणि आतड्याच्या अस्तराचा एक कण खुडतो. हा कण दोन ते तीन मिलिमीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ तिळाएवढा. अस्तराला चिमट्याची वेदना कळत नाही, त्यामुळे तुकडा घेतल्याचं रुग्णाला जाणवतही नाही. आता हिशेब करा. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब, लहान आतडं पाच-सहा मीटर. त्यातले चार-सहा तीळ आमच्याकडे येतात आणि त्यावरून आम्ही उत्तर द्यायचं. तांदळाची पोती भरलेल्या गोदामातून चार दाणे उचलून ‘माल कसा आहे सांगा’ म्हणावं, तसं हे आहे. दाणे योग्य पोत्यातून उचलले असतील तर उत्तर बरोबर येतं, नसतील तर नाही.

शरीराबाहेर पडल्याबरोबर पेशी सडायला लागतात. म्हणून तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. बाटलीतलं ते पाण्यासारखं दिसणारं, नाकाला झोंबणारं द्रव्य म्हणजे फॉर्मॅलिन. ते पेशींना आहे त्या अवस्थेत थांबवून ठेवतं. तुकड्याच्या निदान दहा ते वीसपट फॉर्मॅलिन हवं.

आता हातातल्या बाटलीविषयी. पनवेलमध्ये कर्जत, खालापूर, पेण, उरणकडून रुग्ण येतात. तपासणी इथे होते, आणि बाटली कधी इथल्या लॅबमध्ये तर कधी लोकलमधून मुंबईला जाते. या प्रवासात काय होऊ शकतं? झाकण सैल राहून द्रव सांडतं. मग कुणी घरचं पाणी ओततं, कुणी स्पिरिट घालतं, कुणी ‘खराब होऊ नये’ म्हणून बाटली फ्रीजरमध्ये ठेवतं. यातलं काहीही करू नका. पाण्यात तुकडा सडतो आणि गोठला तर पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक होऊन त्या फाटतात. फॉर्मॅलिनमधली बाटली साध्या तापमानाला व्यवस्थित राहते. द्रव सांडलंच, तर जिथून बाटली मिळाली तिथे किंवा जवळच्या लॅबमध्ये लगेच जा. एक अपवाद लक्षात ठेवा. टीबीच्या कल्चरसाठी पाठवलेला तुकडा मुद्दाम सलाइनमध्ये दिलेला असतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मेलेला जंतू वाढवता येत नाही. म्हणून कधी कधी एकाच तपासणीच्या दोन वेगळ्या बाटल्या मिळतात. त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

बाटली लॅबमध्ये आली की आधी नाव जुळवतात. बाटलीवरचं नाव, कागदावरचं नाव, तुकडा कुठल्या भागातला आहे ते. मग तुकडे मोजतात. डॉक्टरांनी सहा लिहिलेत आणि बाटलीत चारच असतील, तर तशी नोंद होते. हे तुकडे प्लास्टिकच्या एका छोट्या जाळीदार डबीत जातात. रात्रभर यंत्रात ती डबी आधी अल्कोहोलमधून फिरते, म्हणजे तुकड्यातलं पाणी निघतं. मग झायलीनमधून, म्हणजे अल्कोहोल निघतं. शेवटी साठ अंशांच्या आसपास वितळवलेल्या मेणात, म्हणजे पाण्याची जागा मेण घेतं. सकाळी तो तुकडा मेणाच्या चौकोनी वडीत बसवतात. या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुकडा वडीत कसा बसवला हेही महत्त्वाचं. तो उभा बसला तर अस्तराचा वरपासून तळापर्यंतचा छेद दिसतो. आडवा पडला तर नुसते गोल गोल ठिपके दिसतात आणि आतड्याचे उंचवटे मोजता येत नाहीत. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या वडीचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा साधारण पंधरावा-विसावा भाग. ते काप कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर घेतात आणि रंगवतात. निळसर-जांभळ्या रंगात पेशींची केंद्रकं दिसतात, गुलाबी रंगात बाकीचं. आणि तेव्हा कुठे काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली येते.

म्हणून ‘‘आज सकाळी दिलं, संध्याकाळी रिपोर्ट का नाही?’’ या प्रश्नाचं उत्तर असं, की हा रक्ताच्या तपासणीसारखा यंत्रातून निघणारा आकडा नाही. तुकडा नुसता पिकायला एक रात्र लागते. त्यानंतर माणूस बघतो, विचार करतो, शंका आली तर आणखी खोलवरचे काप मागवतो, वेगळे रंग लावतो. एकेका वेगळ्या रंगाला आणखी वेळ लागतो.

कागदावरच्या चार ओळी

बाटलीबरोबर येणारा कागद आमच्यासाठी तुकड्याइतकाच महत्त्वाचा असतो. ‘पोटदुखी, बायोप्सी’ एवढंच लिहून आलेला कागद आणि ‘वय ४५, सहा महिने जुलाब, वजन आठ किलो कमी, लहान आतड्याच्या शेवटी आडवे व्रण’ असं लिहिलेला कागद, या दोहोंसोबतचा तुकडा एकच असला तरी आमचं उत्तर सारखं नसतं. कारण पेशी पुष्कळ वेळा दोन-तीन आजारांत सारख्याच दिसतात. त्यातला कुठला, हे ठरवायला डॉक्टरांनी डोळ्यांनी काय पाहिलं आणि रुग्णाने काय सांगितलं, ते लागतं.

औषधांचंच बघा. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर जठरातले हेलिकोबॅक्टर जंतू कमी होतात किंवा जागा बदलतात, आणि तपासणीत सापडत नाहीत. नुकतीच अँटिबायोटिक्स घेतली असतील तरी तेच. लोहाच्या गोळ्या अस्तराला इजा करू शकतात आणि तिथे तपकिरी कण दिसतात. अंगदुखीच्या गोळ्यांनी व्रण होतात. रक्तदाबाच्या ओल्मेसार्टन या औषधाने काही थोड्या रुग्णांत लहान आतड्याचं अस्तर इतकं सपाट होतं, की ते सिलिअक रोगासारखं दिसतं. हे औषध चालू आहे हे कागदावर नसेल, तर आम्ही ‘सिलिअक असू शकतो’ लिहू आणि तो रुग्ण विनाकारण जन्मभर चपाती सोडून बसेल.

तेव्हा दुर्बिणीच्या तपासणीला जाताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, शेजाऱ्यांनी दिलेली, सगळी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच डॉक्टरांना सांगा. पण आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. आणि पूर्वी कधी बायोप्सी झाली असेल तर तो जुना रिपोर्ट बरोबर घ्या.

जठरात आम्ही काय बघतो

आपल्याकडे पोटात जळजळलं की ‘पित्त झालं’ म्हणून मोकळे होतात. यातल्या पुष्कळ ‘पित्तां’मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. याचा शोध लागला त्याची गोष्ट आमच्या व्यवसायाला अभिमान वाटावी अशी आहे. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. १९७९ साली जठराच्या रोजच्या बायोप्सी बघताना त्यांना अस्तरावर वाकडे वाकडे जंतू दिसले. त्या काळी सर्वमान्य समज असा, की जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही. वॉरन बघत राहिले, नोंदी करत राहिले. जिथे सूज तिथे हे जंतू, असं त्यांच्या ध्यानात आलं. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी ते सिद्ध केलं. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. जगभर ज्या अल्सरला ताण आणि तिखट कारणीभूत धरत होते, तो चौदा दिवसांच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला. आणि सुरुवात झाली ती अशाच तिळाएवढ्या तुकड्यांपासून.

हा जंतू फक्त जळजळ करून थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवलं. वर्षानुवर्षं सूज राहिली की जठराचं अस्तर पातळ होतं, मग जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं, आणि त्यातल्या थोड्या लोकांत पुढे कर्करोगाकडे वाटचाल होते. या पायऱ्या रुग्णाला जाणवत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दिसतात. त्यासाठी जठराच्या ठरलेल्या पाच जागांवरून तुकडे घ्यायची पद्धत आहे. दोन खालच्या भागातून, दोन वरच्या भागातून आणि एक मधल्या वळणावरून. ‘‘एवढे कशाला तुकडे काढले?’’ असं वाटलं तर त्याचं कारण हे आहे.

जठरात व्रण दिसला तर आणखी तुकडे लागतात, सहा-आठसुद्धा. व्रणाच्या मधोमध पुष्कळदा नुसता मेलेला भाग असतो आणि त्यात निदानाला काही मिळत नाही. कडेचे तुकडे लागतात. जठराचा एक कर्करोग असा आहे की त्याच्या पेशी एकेकट्या, विखरून, अस्तराच्या खालून पसरतात. वरून खुडलेल्या तुकड्यात त्या सापडतीलच असं नाही. म्हणून एक वाक्य आज इथून घरी घेऊन जा. ‘या तुकड्यात कर्करोग दिसला नाही’ याचा अर्थ ‘कर्करोग नाही’ असा होतोच असं नाही. डॉक्टरांना डोळ्यांनी जे दिसलं ते संशयास्पद असेल आणि आमचा रिपोर्ट साधा असेल, तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. डॉक्टर पुन्हा बोलावत असतील तर ते पैशासाठी असं लगेच समजू नका. जठराचा व्रण औषधांनी भरला की नाही हे पुन्हा दुर्बीण घालून बघणं हा उपचाराचाच भाग आहे.

डोळ्याला ठीक, सूक्ष्मदर्शकाखाली नाही

लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. गालिच्याच्या लोकरीसारखे. अन्न त्यांच्यातून शोषलं जातं. सिलिअक रोगात गहू, जव यांतल्या ग्लुटेनमुळे हे उंचवटे झिजून सपाट होतात. मूल वाढत नाही, मोठ्या माणसात रक्त कमी राहतं आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढत नाही. इथे चार तुकडे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या दुसऱ्या भागातून आणि एक-दोन त्याच्या अगदी तोंडाशी असलेल्या भागातून लागतात, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. निदान बरोबर झालं तर औषध काय? गहू बंद. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी चालते, म्हणजे कोकणातल्या माणसाची भाकरी त्याला परत मिळते. पण रक्ताची तपासणी आणि बायोप्सी होण्याआधीच गहू बंद केला, तर उंचवटे भरून येतात आणि निदान हुकतं. आधी तपासणी, मग पथ्य.

मोठ्या आतड्यात याहून गमतीची गोष्ट आहे. काही लोकांना, विशेषतः पन्नाशीपुढच्या बायकांना, महिनोन्‌महिने पाण्यासारखे जुलाब होतात. दुर्बिणीत आतडं अगदी गुलाबी, छान दिसतं. तुकडा घेतला तरच कळतं की अस्तरात सूज आहे. या आजाराचं नावच मायक्रोस्कोपिक कोलायटिस. सूक्ष्मदर्शकाशिवाय तो दिसतच नाही.

पॉलिप : छोटी गाठ, मोठा निर्णय

मोठ्या आतड्यात कधी कधी अळंबीसारखी गाठ उगवते. तिला पॉलिप म्हणतात. काही पॉलिप निरुपद्रवी असतात. काहींना ॲडिनोमा म्हणतात, आणि त्यातले काही साधारण दहा-एक वर्षांच्या काळात कर्करोगात बदलू शकतात. म्हणून दुर्बिणीतूनच पॉलिप मुळासकट काढून टाकतात. कर्करोग व्हायच्या आधी त्याची वाट अडवता येते, अशा थोड्या जागांपैकी ही एक आहे.

आणि समजा काढलेल्या पॉलिपमध्येच कर्करोगाच्या पेशी निघाल्या, तर? इथे पॅथॉलॉजिस्टच्या चार ओळींवर रुग्णाचं मोठं ऑपरेशन ठरतं किंवा टळतं. आम्ही बघतो की कर्करोग देठात किती खोल गेला आहे, कापलेल्या कडेपासून किती अंतरावर आहे, एक मिलिमीटरहून जास्त की कमी, आणि रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का. सगळं अनुकूल असेल तर पॉलिप काढणं हाच पुरेसा उपचार ठरू शकतो आणि आतडं कापावं लागत नाही. पण पॉलिपचे पाच तुकडे होऊन बाटलीत एकत्र आले आणि कड कुठली हेच कळेना, तर हे सांगता येत नाही. म्हणून पॉलिप शक्य तेव्हा अखंड पाठवायचा, आणि वेगवेगळ्या जागचे पॉलिप वेगवेगळ्या बाटल्यांत.

टीबी की क्रोन्स?

आता आपल्या देशातल्या सगळ्यात अवघड प्रश्नाकडे येऊ.

समजा उरणकडचा तिशीतला एक माणूस आहे. चार महिने उजवीकडे खाली पोट दुखतं, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरलं. दुर्बिणीत लहान आणि मोठं आतडं जिथे जोडलं जातं तिथे व्रण दिसतात. हे आतड्याच्या टीबीत दिसतं. क्रोन्स नावाच्या आजारातही हुबेहूब असंच दिसतं. टीबी हा जंतूचा आजार. क्रोन्समध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा आतड्यावर उलटते. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, स्टिरॉइड द्यावी लागतात. तीच टीबीच्या माणसाला दिली तर टीबी अंगभर पसरू शकतो. उलट क्रोन्सच्या माणसाला टीबीच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवल्या, तर त्या गोळ्यांचा त्रास यकृताला होऊ शकतो, आणि इकडे क्रोन्स वाढत जाऊन आतडं आखडतं.

म्हणजे पैज मोठी आहे, आणि आमच्यासमोर सहा-आठ तीळ. आम्ही काय शोधतो? दोन्हींत पेशींचे घोळके दिसतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीबीत ते पुष्कळ, मोठे, एकमेकांत मिसळलेले असतात आणि मध्यभागी चिजसारखा मेलेला भाग असू शकतो. क्रोन्समध्ये ते थोडे, छोटे, सुटे. पण हे पुस्तकातलं चित्र झालं. प्रत्यक्षात कित्येक तुकड्यांत ग्रॅन्युलोमा सापडतच नाहीत. टीबीच्या जंतूंसाठी वेगळा लाल रंग लावतो, पण आतड्याच्या तुकड्यात जंतू इतके विरळ असतात की पुष्कळदा दिसत नाहीत. म्हणून एक तुकडा कल्चरला आणि एक जनुकीय चाचणीला, ज्याला सीबीनॅट म्हणतात, तिकडे पाठवतात. आठवतंय ना, सलाइनची बाटली? ती यासाठी.

एवढं करूनही कधी उत्तर येत नाही. मग आम्ही प्रामाणिकपणे लिहितो, ‘ग्रॅन्युलोमायुक्त सूज, टीबी आणि क्रोन्स यांत निश्चित फरक करता येत नाही, इतर तपासण्यांशी जुळवून पाहावे.’ रुग्णाला वाटतं, हा काय रिपोर्ट झाला? पण खोटी खात्री देण्यापेक्षा हे बरं. अशा वेळी पोटविकारतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि आम्ही एकत्र बसून सीटी स्कॅन, छातीचा एक्स-रे, रक्त, सगळं समोर ठेवतो. पुष्कळदा आधी टीबीची औषधं देऊन काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात आणि व्रण भरले का ते बघतात. भरले तर टीबीच्या बाजूने कौल जातो. म्हणून ‘‘बरं वाटतंय, आता पुन्हा कशाला नळी घालायची?’’ असं म्हणून ती तपासणी टाळू नका. बरं वाटणं आणि व्रण भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच रांगेत आणखी एक आजार आहे, आमांश. अमीबामुळे होणारे व्रण अल्सरेटिव्ह कोलायटिससारखे दिसू शकतात. तिथेही स्टिरॉइड दिलं तर आतडं फाटण्यापर्यंत जाऊ शकतं, आणि अमीबा ओळखला तर साध्या औषधाने माणूस बरा होतो. अमीबा बहुतेक वेळा अस्तराला नाही, तर व्रणावरच्या घाणीसारख्या थरात सापडतो. म्हणून तो थरही आम्ही टाकून देत नाही, बारकाईने बघतो.

पनवेल, परळ आणि खारघर

मघाशी आम्ही ब्लॉक हा शब्द लक्षात ठेवा म्हणालो. मेणाची ती वडी वर्षानुवर्षं टिकते. रिपोर्ट दिल्यावरही तुकड्याचा उरलेला भाग तिच्यात असतो. कर्करोगाचं निदान झालं तर त्याच वडीवर पुढच्या तपासण्या होतात. जठराच्या कर्करोगात हर-टू नावाचं प्रथिन आहे का, म्हणजे त्यावरचं खास औषध लागू पडेल का. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात काही दुरुस्ती करणारी प्रथिनं गायब आहेत का, म्हणजे हा आजार घराण्यात उतरणारा तर नाही ना आणि भावंडांची तपासणी करायला हवी का. रुग्णाला परत दुर्बीण नको, तीच वडी पुरते.

दुसरं मत घ्यायला मोठ्या रुग्णालयात गेलात तर तिथे नुसता कागद चालत नाही, ब्लॉक आणि काचपट्ट्या मागतात. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर या पॅथॉलॉजिस्टनी घेतली. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. तंबाखूच्या कुठल्या सवयीने तोंडाच्या कुठल्या जागी कर्करोग होतो, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुकडे आणि रुग्णांच्या सवयी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. तुकडा आणि माणसाची हकिकत एकत्र वाचायची, हा धडा तिथलाच. त्यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये कर्करोग संशोधनाची जी संस्था उभी राहिली, तीच पुढे आपल्या पनवेल तालुक्यात, खारघरला आली. आज तिथे टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे. म्हणजे ज्या कामासाठी पूर्वी परळ गाठावं लागे, त्यातलं पुष्कळ आता घरापासून थोड्या अंतरावर होतं. पण तिथेही तुमच्या हातात ब्लॉक हवाच. तो तुमच्या लॅबकडून सही करून घ्या, पाकिटात घाला आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून जाऊ नका. मेण आहे, वितळतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, असं म्हणतात. खरं आहे का?*

नाही. दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा घेतल्याने कर्करोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. या भीतीने लोक बायोप्सी लांबवतात, आणि त्या लांबवण्यात मात्र आजार खरंच वाढतो. निदानाशिवाय ना ऑपरेशन नीट ठरत, ना औषध.

*दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे आले तर कोणाचं खरं मानायचं?*

आधी बघा, दोघांनी तोच ब्लॉक बघितला की वेगळे तुकडे. वेगळे तुकडे असतील तर दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात. तोच ब्लॉक असेल तर फरक कुठे आहे ते डॉक्टरांना विचारा. पेशींमध्ये कर्करोगपूर्व बदल सौम्य की तीव्र, याच्या सीमेवर अनुभवी पॅथॉलॉजिस्टांतही मतभेद होतात. अशा वेळी काचपट्ट्या तिसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्यात कुणाचा अपमान नाही. आम्हीही एकमेकांना दाखवतो.

*रिपोर्टमध्ये ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ लिहिलंय. घाबरायचं का?*

जठराला जुनी सूज आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे हेलिकोबॅक्टर आहे की नाही, अस्तर पातळ झालंय का, अस्तरात बदल आहे का, हे लिहिलेलं असतं. ते शब्द वाचा आणि डॉक्टरांना विचारा. जंतू असेल तर गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, आणि कोर्सनंतर जंतू गेला की नाही याची तपासणीही करून घ्या.

*रिपोर्ट मोबाइलवर आला. डॉक्टरांकडे जायला हवंच का?*

हवंच. वर्षभर काम करताना आम्हाला सगळ्यात जास्त खंत वाटते ती न नेलेल्या रिपोर्टची. तपासणी झाली, पोट थोडं बरं वाटलं, आणि रिपोर्ट लॅबच्या कपाटात पडून राहिला. कधी त्यात टीबी असतो, कधी सुरुवातीचा कर्करोग असतो, जो त्या दिवशी बरा होण्यासारखा असतो. अशा वेळी आम्ही फोन करतो, पण कागदावरचा नंबर चुकीचा किंवा बदललेला असतो. म्हणून बाटली देताना चालू मोबाइल नंबर लिहा, घरातल्या आणखी एकाचा नंबर द्या, आणि रिपोर्टची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो घेऊन ज्यांनी दुर्बीण घातली त्यांच्याकडे जा. आम्ही तुकडा पाहिला आहे, त्यांनी आतडं पाहिलं आहे. दोघांचं एकत्र वाचलं गेलं, की त्या तिळाएवढ्या तुकड्याचं उत्तर पूर्ण होतं.